एलटीओ टेपवरून एस-थ्री डीप आर्काइव्हवर: फाउंड्रीतल्या सर्व्हर-रूमचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मी सर्व्हर, नेटवर्क आणि बॅकअप सांभाळते. ओतकामाच्या धंद्यात जुना डेटा म्हणजे अडगळ नसते. प्रत्येक वितळणीला, म्हणजे हीटला, नंबर असतो. त्या नंबराखाली स्पेक्ट्रोचा (धातूतले घटक मोजणाऱ्या यंत्राचा) रिपोर्ट, हार्डनेस, मायक्रो (सूक्ष्मदर्शकाखालची रचना), कधी एक्स-रे, आणि ज्या ड्रॉइंगवर तो भाग ओतला ते ड्रॉइंग, हे सगळं जपून ठेवावं लागतं. भाग ट्रॅक्टरमध्ये बसून दहा वर्षं चालतो आणि मग एखाद्या दिवशी ग्राहक विचारतो, याचं मटेरिअल काय होतं? त्यात अकौंट्सची भर. कंपनी कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे हिशेबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं ठेवायची असतात.

हे सगळं आमच्याकडे एलटीओ टेपवर होतं, म्हणजे बॅकअपसाठी वापरतात त्या चुंबकीय फितीच्या कॅसेटींवर. आता ते अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या क्लाउड साठवण सेवेत, क्वचित लागणाऱ्या डेटासाठीच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह या वर्गात, मुंबई रीजनमध्ये म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत आहे. सेवा मला आवडली, पुढेही वापरणार आहे. पण ती घ्यावी की नाही हे ठरवताना बहुतेक जण साठवणीचा दर पाहतात, आणि तो या सौद्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा आकडा आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी टेप का सोडली ते. टेप खराब निघाल्या म्हणून नाही. एलटीओ टेप नीट ठेवली तर तीस वर्षं टिकते असं बनवणारे सांगतात, आणि आमच्या जुन्यातल्या जुन्या टेपही बहुतेक सुरळीत वाचल्या गेल्या. अडचण ड्राइव्हची आहे. एलटीओचा जुना नियम असा होता, की ड्राइव्ह आपल्या मागच्या दोन पिढ्या वाचतो. एलटीओ-८ पासून तेही गेलं. तो फक्त सातवी आणि आठवी वाचतो, एलटीओ-९ फक्त आठवी आणि नववी. आमच्याकडे एलटीओ-३ आणि एलटीओ-५ अशा दोन पिढ्यांच्या टेप. या दोन्ही वाचणारा ड्राइव्ह एकच, एलटीओ-५, म्हणजे २०१० सालची पिढी. एलटीओ-६ ला एलटीओ-३ कळत नाही आणि एलटीओ-८ ला दोन्ही कळत नाहीत. म्हणजे कपाटभर टेप शाबूत आणि त्या उघडणारी किल्ली एकच, तीही जुन्या मशीनमधल्या जुन्या एसएएस कार्डाला जोडलेली. ते कार्ड गेलं असतं तर सेकंड-हँड बाजारात फिरावं लागलं असतं. मालकांना मी हे एवढंच सांगितलं आणि त्यांनी लगेच होकार दिला.

या सगळ्या कामात खरा वेळ टेप वाचण्यात जातो. क्लाउडवाले दाखवतात त्या चित्रात हा भाग नसतो, म्हणून नीट सांगते.

पहिली गोष्ट, टेप ड्राइव्हमध्ये घालण्याआधी तिची राइट-प्रोटेक्टची छोटी पट्टी सरकवून कुलूप लावायचं. एकही अपवाद नको. दुसरी, टेप कपाटातून काढली की लगेच घालायची नाही. सर्व्हर-रूममध्ये एसी, बाहेर आषाढातली कोल्हापूरची हवा. टेपसाठी आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आत हवी असते आणि पावसाळ्यात इथे ती कुठल्या कुठे असते. टेप एक दिवस खोलीतच, खोक्यातून बाहेर काढून ठेवायची आणि मग वाचायला घ्यायची. हे काम उन्हाळ्यात काढलेलं बरं.

तिसरी गोष्ट वेगाची. एलटीओ-५ एका सेकंदाला १४० एमबीपर्यंत वाचतो, म्हणजे दीड टीबीची भरलेली टेप तीन तासांत संपायला हवी. पण समोरची डिस्क तेवढ्या वेगाने लिहीत नसेल तर ड्राइव्ह थांबतो, टेप मागे नेतो, पुन्हा पुढे येतो. हा आवाज ऐकला की ओळखता येतो: एकसुरी घरघर तुटते आणि खर्र-थांब-खर्र सुरू होतं. टेप आणि हेड दोन्ही झिजवणारा प्रकार. म्हणून टेपवरून थेट इंटरनेटवर पाठवायचा विचारसुद्धा करू नका. आम्ही मधे चार डिस्कचा रेड अ‍ॅरे, म्हणजे एकत्र जोडलेला डिस्कसंच, ठेवला, टेप आधी तिथे पूर्ण वेगाने उतरवली आणि अपलोड तिथून सावकाश केलं. क्लीनिंग टेप मात्र ड्राइव्हने मागितली तेव्हाच लावली, उगाच नाही, कारण तीही हेड घासतेच.

चौथी आणि सगळ्यात त्रासाची गोष्ट फॉरमॅटची. आमच्या काही टेप साध्या टारमध्ये, म्हणजे अनेक फाइली एकत्र बांधणाऱ्या खुल्या फॉरमॅटमध्ये, होत्या. त्या लिनक्सवर विनातक्रार उघडल्या. बाकीच्या एका विकत घेतलेल्या बॅकअप सॉफ्टवेअरने लिहिलेल्या होत्या. त्या वाचायला तेच सॉफ्टवेअर हवं, त्याचा कॅटलॉग (कुठल्या टेपवर काय आहे याची नोंद) हवा, आणि तो कॅटलॉग एका जुन्या विंडोज सर्व्हरवर. माझ्या आधीच्या साहेबांनी ते मशीन मोडीत काढू दिलं नव्हतं, वर चिठ्ठी चिकटवून ठेवली होती: ‘हलवू नये. टेप वाचायला लागते.’ त्या चिठ्ठीमुळे आमचा सात-आठ वर्षांचा डेटा वाचला. त्या टेप पूर्ण रिस्टोअर करून साध्या फाइली बाहेर काढल्या आणि नव्याने टार केल्या. बॅकअप सॉफ्टवेअरची फाइल जशीच्या तशी उचलून क्लाउडमध्ये टाकण्याचा मोह होतो, वेळही वाचतो. पण मग तीच अडचण दुसऱ्या जागी नेऊन ठेवल्यासारखं होतं. लांब मुदतीसाठी ठेवायचं ते कोणत्याही मशीनवर उघडेल अशाच रूपात ठेवावं, यावर मी ठाम आहे.

अपलोड त्यामानाने सोपं. आमची लीज्ड लाइन १०० एमबीपीएसची. कागदावर चोवीस तासांत एक टीबी जातो. दिवसा ईआरपी (कंपनीच्या कामकाजाचं सॉफ्टवेअर) आणि ड्रॉइंगची देवाणघेवाण असल्याने रात्रीच सोडायचं, म्हणजे एका रात्रीत फार तर अर्धा टीबी. एकूण २४ टीबीच्या आसपास होतं. लाइन तुटली तर काय, ही भीती सगळ्यांना असते. मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी जाते, त्यामुळे राहिलेला तुकडाच पुन्हा पाठवावा लागतो. मात्र अर्धवट राहिलेले तुकडे बकेटमध्ये, म्हणजे एस-थ्रीतल्या आपल्या साठवणीच्या कप्प्यात, दिसत नाहीत आणि त्यांचं बिल लागत राहतं. लाइफसायकलमध्ये, म्हणजे बकेटच्या आपोआप चालणाऱ्या नियमांत, अर्धवट अपलोड ठरावीक दिवसांनी पुसण्याचा नियम असतो. बकेट बनवल्याबरोबर पहिला तो लावा.

आणखी एक. तुकड्यांनी गेलेल्या फाइलला एस-थ्री जो ईटॅग लावतं, तो म्हणजे त्या फाइलचा एमडी-५ (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) नव्हे. तो जुळवत बसू नका. आम्ही प्रत्येक टारचा एसएचए-२५६ हा पडताळणीचा आकडा पाठवण्याआधी काढून वेगळा लिहून ठेवला. सर्व्हरच्या बाजूचं एन्क्रिप्शन जानेवारी २०२३ पासून एस-थ्रीमध्ये आपोआप लागतं, तरी आम्ही जीपीजी या एन्क्रिप्शनच्या प्रोग्रामने स्वतः कुलूप लावूनच पाठवलं. ग्राहकांची ड्रॉइंग आहेत, आमच्या मालकीची नाहीत. त्या किल्लीची छापील प्रत बँकेच्या लॉकरमध्ये आहे, जिथे पूर्वी टेप ठेवायचो.

आता पैशांचं. डीप आर्काइव्ह २०१९ च्या मार्चमध्ये आलं तेव्हा अमेरिकेतल्या व्हर्जिनिया रीजनचा दर होता जीबीला महिन्याला ०.०००९९ डॉलर, म्हणजे एका टीबीला साधारण एक डॉलर. मुंबईचा दर त्याहून चढा आहे. तरीही स्वस्तच. पण हे भाडं स्वस्त का आहे ते समजून घ्यायला हवं.

एक, ठेवलेली वस्तू १८० दिवसांच्या आत काढून टाकली तरी १८० दिवसांचं भाडं लागतंच. रोज बदलणाऱ्या बॅकअपला ही जागा नाही.

दोन, प्रत्येक ऑब्जेक्टमागे, म्हणजे ठेवलेल्या प्रत्येक फाइलमागे, ४० केबीची जास्तीची नोंद धरली जाते: ३२ केबी आर्काइव्हच्या दराने, ८ केबी एस-थ्री स्टँडर्ड या रोजच्या वापराच्या वर्गाच्या महागड्या दराने. शिवाय प्रत्येक अपलोड विनंतीचे पैसे वेगळे. आमचे स्पेक्ट्रो रिपोर्ट दहा-बारा केबीचे, संख्या लाखांत. ते सुटे टाकले असते तर मालापेक्षा नोंदीच जड झाल्या असत्या. म्हणून महिना आणि विभाग धरून गठ्ठे बांधले. फार मोठेही नकोत, कारण परत आणताना अख्खा गठ्ठा आणावा लागतो. आम्ही ५० जीबीच्या आत ठेवले.

तीन, आणि हे सगळ्यात मोठं: बाहेर काढण्याचा खर्च. आधी रिट्रीव्हलचा, म्हणजे आर्काइव्हमधून वर काढण्याचा, दर, मग जितके दिवस तात्पुरती प्रत उघडी ठेवाल तितक्या दिवसांचं स्टँडर्डचं भाडं, आणि शेवटी इंटरनेटवरून उतरवण्याचा दर. हा शेवटचा मुंबईतून जीबीला ११ सेंटच्या आसपास आहे. महिन्याचे पहिले १०० जीबी फुकट. व्हर्जिनियाच्या दरांनी गणित मांडलं तर एक टीबी उतरवून घेण्याच्या पैशांत तोच टीबी साडेसात वर्षं तिथे ठेवता येतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. आम्हाला वर्षात चार-दोन गठ्ठे लागतात, ते फुकटच्या १०० जीबीत बसतात. पण सगळा डेटा एकदम परत आणायची वेळ ज्यांच्यावर येऊ शकते, त्यांनी तो आकडा आधी कागदावर लिहून मालकांच्या सहीने फाइलला लावावा. सेवा बदलायची झाली तरी रिट्रीव्हलचा खर्च आडवा येतो.

जागा मुंबईच का, हे आमच्या ऑडिटरनी विचारलं होतं. हिशेबाची पुस्तकं इलेक्ट्रॉनिक स्वरूपात ठेवणाऱ्या कंपन्यांनी त्यांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा, असा २०१४ च्या कंपनी लेखा नियमांत नियम आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीने तो बॅकअप रोजचा झाला. रोजचा बॅकअप आमचा वेगळीकडे आहे, डीप आर्काइव्हमध्ये फक्त वर्षअखेरची प्रत जाते. पण दोन्ही भारतातच. मुंबई रीजन २०१६ पासून आहे, हैदराबाद २०२२ पासून. व्हर्जिनियाचा स्वस्त दर पाहून कुणी तिकडे ठेवायचा विचार करत असेल तर आधी आपल्या सीएंशी बोला.

ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत वस्तू पुसू न देणारं कुलूप, याबद्दल मनापासून चांगलं लिहावंसं वाटतं. कपाटातल्या टेपचा मोठा गुण हा, की रॅन्समवेअर (डेटा अडवून खंडणी मागणारा व्हायरस) तिच्यापर्यंत पोचत नाही. क्लाउडमध्ये मात्र पासवर्ड ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं. लॉकमुळे ही उणीव बरीचशी भरून निघते. त्याचे दोन प्रकार आहेत. गव्हर्नन्समध्ये खास परवानगी असलेला माणूस कुलूप काढू शकतो. कंप्लायन्समध्ये मुदत संपेपर्यंत कुणीच नाही, रूट म्हणजे सगळे अधिकार असलेलं मुख्य अकाउंटसुद्धा नाही. आधी गव्हर्नन्समध्ये सराव केला, मुदती नीट तपासल्या, मग अकौंट्सच्या आणि क्वालिटीच्या गठ्ठ्यांना कंप्लायन्स लावलं. मुदत चुकून वीस वर्षं टाकली तर वीस वर्षं भाडं भरावं लागेल, त्यामुळे तो रकाना भरताना शेजारी दुसरा माणूस बसवावा.

आता ज्यासाठी हे सगळं केलं ते, म्हणजे परत मिळणं. डीप आर्काइव्हमध्ये डोकावून पाहता येत नाही. नाव आणि आकार दिसतो, आत काय आहे ते गठ्ठा परत आणल्याशिवाय कळत नाही. स्टँडर्ड मागणीला बारा तासांपर्यंत, बल्क मागणीला अठ्ठेचाळीस तासांपर्यंत लागतात. म्हणून माझ्या दृष्टीने या व्यवस्थेतली सगळ्यात मौल्यवान वस्तू डीप आर्काइव्हमध्ये नाहीच. ती आहे सूची. कुठल्या गठ्ठ्यात कुठल्या फाइली, कुठल्या हीट नंबरपासून कुठल्या हीट नंबरपर्यंत, कुठल्या मूळ टेपवरून आलं, एसएचए किती. ती एस-थ्री स्टँडर्डमध्ये आहे, आमच्या सर्व्हरवर आहे, आणि पेन ड्राइव्हवर लॉकरमध्येही आहे. सगळी मिळून काहीशे एमबी.

तिचा उपयोग लवकरच झाला. क्वालिटीचे साहेब दुपारी खाली आले. ग्राहकाकडून एका पंप हाउसिंगची तक्रार आली होती, भाग तडकलेला. "मॅडम, हीट नंबर हाय माझ्याकडं. तारीख न्हाई."

"नंबर द्या साहेब, बघते."

भागावर ओतलेला नंबर त्यांनी मोबाइलवर फोटो काढून आणला होता, एक आकडा वाळूत बुजलेला, तीन की आठ कळत नव्हतं. सूचीत दोन्ही शोधले. तीनचा नंबर एका गठ्ठ्यात होता आणि आठच्या नंबराची हीट ग्रे आयर्नची निघाली. हाउसिंग एसजी आयर्नचं, म्हणजे तीनच. संध्याकाळी रिट्रीव्हलची मागणी टाकली, सकाळी ऑफिसात येईपर्यंत गठ्ठा तयार होता. उतरवला, एसएचए जुळवला, जीपीजीने उघडला. चहाच्या वेळेपर्यंत मॅग्नेशियम, सिलिकॉन, सगळ्या टक्केवारीचा रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर. टेपच्या काळात हीच गोष्ट व्हायची ती अशी: आधी तारखेचा अंदाज, मग लॉकरसाठी बँकेची वेळ, मग टेप, आणि एवढं करून ती टेप नव्हेच म्हणून पुन्हा बँक. सूचीशिवाय डीप आर्काइव्हचंही तेच झालं असतं, फक्त वर रिट्रीव्हलचे पैसे गेले असते.

आम्ही दर तिमाहीला एक गठ्ठा क्वालिटीवाल्यांना निवडायला सांगतो आणि तो परत आणून उघडून दाखवतो. हे कुणाला जास्तीचं वाटत असेल तर गिटलॅब या सॉफ्टवेअर कोड ठेवणाऱ्या कंपनीचं ३१ जानेवारी २०१७ चं प्रकरण आठवा. त्यांच्या डेटाबेसचे बॅकअप रोज एस-थ्रीमध्ये जात आहेत असा सगळ्यांचा समज होता, आणि गरज पडली तेव्हा बकेट रिकामी निघाली. बॅकअप काढणाऱ्या पीजीडम्प या प्रोग्रामची आवृत्ती डेटाबेसशी जुळत नव्हती, आणि बॅकअप फसल्याच्या मेल कुणापर्यंत पोचतच नव्हत्या. त्यांनी हे स्वतः मोकळेपणाने लिहून सांगितलं, त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत.

टेप पूर्ण सोडली का? नाही. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही खात्यांमधली पत्रं गायब झाली होती. दोष सॉफ्टवेअरमधला होता, त्यामुळे वेगवेगळ्या डेटा सेंटरमधल्या प्रतींनाही त्याचा फटका बसला, आणि गूगलने ती पत्रं टेपवरून परत आणली. ऑनलाइन प्रती कितीही असल्या तरी त्या एकाच व्यवस्थेच्या हातात असतात. म्हणून आमच्या जुन्या टेप कुलूप लावलेल्या अवस्थेत कपाटात आहेत. नव्या टेप विकत घ्यायच्या नाहीत, वर्षअखेरची एक जादा प्रत साध्या बाहेरच्या डिस्कवर लॉकरमध्ये ठेवायची, असं ठरलं. ज्यांच्याकडे शेकडो टीबी आहेत आणि टेप आपोआप बदलणारी लायब्ररी चालती आहे, त्यांनी एलटीओ-९ घ्यावी असंच मी म्हणेन. १८ टीबीच्या एका टेपशी क्लाउडचं गणित त्या आकाराला जुळत नाही.

दुसऱ्या सेवाही पाहिल्या होत्या. गूगलच्या आर्काइव्ह क्लासमध्ये वस्तू लगेच उघडते, बारा तास थांबावं लागत नाही, पण किमान मुदत ३६५ दिवसांची. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर आर्काइव्हची १८० दिवसांची, आणि परत यायला पंधरा तासांपर्यंत. ज्यांना तासाभरात कागद लागतो त्यांनी गूगलकडे बघावं. आम्हाला ‘उद्या सकाळी’ चालतं.

शेवटी खात्याचं, कारण छोट्या कंपन्यांत हे कुणाचंच काम नसतं. बिल अ‍ॅमेझॉनच्या भारतातल्या कंपनीकडून, जीएसटीसकट येतं, इनपुट क्रेडिट मिळतं, अकौंट्सवाले खूश. पण कंप्लायन्स लॉकमधल्या वस्तूसुद्धा एका मार्गाने जातात: खातं बंद झालं तर. बंद झालेल्या खात्यातला डेटा ९० दिवसांनी कायमचा जातो. म्हणजे कुणी नोकरी सोडली, त्याच्या वैयक्तिक मेलवर बिलं जात राहिली, कार्डाची मुदत संपली, एवढ्यानेही वीस वर्षांचं रेकॉर्ड जाऊ शकतं. आमच्या रूट खात्याचा मेल हा कंपनीचा सामायिक पत्ता आहे, तो मालक, अकौंट्सचे साहेब आणि मी असे तिघे वाचतो. एमएफएच्या, म्हणजे पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पडताळणीच्या, दोन किल्ल्या आहेत, एक माझ्या टेबलाच्या खणात आणि दुसरी मालकांच्या तिजोरीत. आणि एक पानभर मराठीत लिहून ठेवलंय: बिल कुठे येतं, सूची कुठे आहे, गठ्ठा कसा मागवायचा, जीपीजीची किल्ली कुठल्या लॉकरमध्ये. त्याची एक प्रत त्या जुन्या विंडोज मशीनवरच्या चिठ्ठीशेजारी चिकटवली आहे, कारण सर्व्हर-रूममध्ये नवीन येणारा माणूस पहिल्यांदा तिकडेच बघतो.